‘चालतेय ना’ म्हणणाऱ्यांना

जुनी फोर बाय फोर जीप घेणाऱ्याला आपल्याकडे एक सल्ला न मागता मिळतो. विकणारा तो देतो, मधला दलाल देतो, नाक्यावरचा पंक्चरवाला देतो आणि मित्र तर गाडीभोवती पहिली फेरी मारतानाच देतात: चालतेय ना, मग उगाच हात लावू नकोस. त्यामागची कारणंही ठरलेली आहेत. जुन्या गाडीचे भाग एकमेकांत बसलेले असतात, ते उघडले की नसलेली दुखणी बाहेर येतात. जुनं लोखंड जाड, त्याला नव्या गाडीचे लाड लागत नाहीत. गाडी वर्षातून चार-सहा वेळा निघणार, किलोमीटर होणार किती? दोन-अडीच लाखांच्या गाडीत आणखी तीस-चाळीस हजार घालणं हा वेडेपणा. बिघडलीच तर जीपच आहे, कुठल्याही गावातला मिस्त्री उभ्याउभ्या सुरू करून देईल. आणि आरटीओने पाच वर्षांचं पासिंग करून दिलंय, म्हणजे गाडी ठीकच असणार.

हा सल्ला पायापासून चुकीचा आहे. त्यातलं एकही कारण तपासायला घेतलं तर टिकत नाही, हे मी पुढे दाखवणार आहे. प्रश्न फक्त पैशांचा असता तर मी लिहायला बसलो नसतो; ज्याची गाडी त्याचं नुकसान, म्हणून सोडून दिलं असतं. पण या गाड्या पावसाळ्यात वरंध, ताम्हिणी, आंबोली असे घाट माणसांनी भरून उतरतात. मागच्या आडव्या सीटवर लहान मुलं बसलेली असतात. समोरून एसटी येत असते, कडेने दुचाकीवर नवरा-बायको चाललेले असतात. गाडीच्या मालकाने ‘चालतेय ना’ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीची किंमत या माणसांना मोजावी लागते, आणि त्यांना तर कोणी विचारलेलंही नसतं.

आधी ‘चालतेय’ म्हणजे काय ते पाहू. बहुतेकांच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की किल्ली फिरवली की इंजिन सुरू होतं आणि गिअर टाकला की गाडी पुढे जाते. साध्या मोटारीच्या बाबतीतही ही कसोटी अपुरी आहे. फोर बाय फोरच्या बाबतीत ती धोकादायक आहे. इंजिनाच्या खाली आणि मागे अशा गाडीत तेलाच्या चार वेगळ्या जागा असतात: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढच्या धुऱ्याचं हौजिंग आणि मागच्या धुऱ्याचं हौजिंग. इंजिनातलं तेल बघायला पट्टी असते. या चार जागांना पट्टी नसते, डॅशबोर्डवर दिवा नसतो, काटा नसतो. गाडीखाली आडवं होऊन, पान्याने भरायच्या भोकाचा बोल्ट काढून, आत बोट घालून बघितल्याशिवाय तेल आहे का, किती आहे आणि कसं आहे हे कळत नाही. किती मालक हे करतात? गाडी घेऊन पाच वर्षं झाली आणि हौजिंगचा बोल्ट एकदाही उघडला नाही, असे मालक कुठल्याही गॅरेजात विचारा, भेटतील.

बरं, आत बिघडतं काय? ओढा पार करणाऱ्या गाडीचं उदाहरण घ्या, कारण जीप ओढा पार करायलाच घेतलेली असते. दोन तास चाललेल्या गाडीचं हौजिंग हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं. आतली हवाही तापून पसरलेली असते. गाडी सह्याद्रीतल्या ओढ्याच्या थंडगार पाण्यात उतरते, हौजिंग एकदम निवतं, आतली हवा आकसते आणि हौजिंग बाहेरून काहीतरी ओढून घ्यायला बघतं. त्याला श्वास घ्यायला एक छोटा ब्रीदर असतो. जुन्या जिपांत तो हौजिंगवरच बसवलेला असतो, म्हणजे नेमका पाण्याखाली जातो. आणि बऱ्याच वेळा तो चिखलाने बुजलेला असतो. मग ओढ ऑइल सीलवर येते. पंधरा-वीस वर्षांचं कडक झालेलं सील ती ओढ सहन करत नाही, आणि पाणी आत जातं.

त्या दिवशी काहीही होत नाही. आवाज येत नाही, गाडी थांबत नाही, मालक घरी येऊन गाडी धुतो आणि आपल्या दणकट जीपचं कौतुक करतो. आतलं तेल मात्र दुधाळ होऊन बसलेलं असतं. गाडी पुढचा महिनाभर पत्र्याखाली उभी राहते. पाणी तळाशी बसतं, बेरिंगच्या गुळगुळीत रोलरांवर गंजाचे ठिपके पडायला लागतात. हौजिंगमधल्या क्राऊन-पिनियन या गिअरांचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, दाबाखाली घसरतही असतात. तिथे तेलाची फिल्म तुटली की दाताला दात खातो. हिवाळ्यात कधीतरी साठच्या वेगाला मागून घुमल्यासारखा आवाज यायला लागतो. तोवर बेरिंगही गेलेलं असतं आणि क्राऊन-पिनियनही. जी गोष्ट ओढ्यानंतरच्या आठवड्यात दोन-तीन लिटर नव्वद नंबरच्या तेलात आणि एका सीलमध्ये संपली असती, तिथे आता हौजिंग पूर्ण उतरवायचं काम निघतं. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण सांगणारी माणसं आपल्याच घरात होती ना? मग आता ‘चालतेय ना’ म्हणायला आपण कुठून शिकलो?

आता हा सल्ला देणाऱ्यांच्या सगळ्यात लाडक्या मुद्द्याकडे येतो: हात लावला की दुखणी निघतात. हा मुद्दा अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. वाचणारी माणसं त्याच्यासाठी पुरावाही देतात, आणि तो पुरावा खरा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये कॉनरॅड वॉडिंग्टन नावाचा शास्त्रज्ञ काम करत होता. मूळचा जीवशास्त्रज्ञ. लिबरेटर जातीच्या विमानांची उड्डाणाच्या दर पन्नास तासांनी ठरलेली तपासणी होत असे. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बिघाडांच्या नोंदी मांडून पाहिल्या, तेव्हा असं दिसलं की बिघाडांचं प्रमाण तपासणीनंतर लगेच वाढतं आणि मग पुढच्या तपासणीपर्यंत हळूहळू कमी होत जातं. म्हणजे तपासणीच बिघाड घडवत होती. पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप या दोन अभियंत्यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. विमानाच्या ज्या भागांचा त्यांनी अभ्यास केला, त्यांपैकी अवघ्या ११ टक्के भागांना ठरावीक वय झालं की बदलण्याचा काही फायदा होता. उरलेल्या ८९ टक्क्यांना नव्हता.

झालं, म्हणतात ही माणसं. विमानवाल्यांनीच सिद्ध केलं, हात लावू नये.

त्यांनी पुढची पानं वाचलेली नाहीत. वॉडिंग्टनच्या अभ्यासातून तपासणी बंद करा असा निष्कर्ष निघाला नाही. विनाकारण खोलाखोली थांबवा आणि दोन तपासण्यांमधलं अंतर अभ्यासून ठरवा, असा निघाला. नोलन आणि हीप यांनी वंगण, तेलपाणी आणि नजरेने करायची पाहणी ही कामं रद्द केली नाहीत, उलट ती पायाशी ठेवली. शिवाय एक खास वर्ग त्यांनी वेगळा काढला: जे बिघाड रोजच्या चालवण्यात चालकाला कळत नाहीत, ते शोधायला मुद्दाम जाऊन बघावंच लागतं. आणि झिजून, थकून किंवा गंजून जाणारे साधे भाग वयाबरोबर नक्की जातात, हेही त्याच अहवालात आहे. उदाहरणं कुठली दिली आहेत? टायर, ब्रेक पॅड, पिस्टन इंजिनाचे सिलिंडर. आता सांगा, जुन्या जीपमध्ये आहे काय? टायर, ब्रेक, पिस्टन, गिअर, बेरिंग, रबर आणि तेल. संगणक नाही, सेन्सर नाहीत, गुंतागुंतीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. ज्या भागांना ठरावीक वयाला बदलण्याचा फायदा होत नाही असं त्या अहवालाने दाखवलं, ते भाग या गाडीत जवळपास नाहीतच. आणि ज्यांना होतो, त्यांचीच ही गाडी बनलेली आहे. विमानाचा पुरावा जीपच्या मालकाविरुद्ध जातो.

हात लावणं आणि बघणं यांतला फरकही या मंडळींना कळत नाही, किंवा कळून घ्यायचा नाही. चांगलं चाललेलं इंजिन हौसेखातर खोलायला कोणीही सांगत नाही. मी तर म्हणेन, इंजिन खोलून देण्याची घाई करणाऱ्या गॅरेजातून गाडी काढून आणावी. पण गाडीखाली जाऊन हौजिंगच्या सांध्यांवर ओलं तेल दिसतंय का ते पाहणं, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस हाताने हलवून बघणं, जॅकवर चाक उचलून वर-खाली हलवून किंगपिन आणि हब बेरिंग ढिलं आहे का ते तपासणं, निप्पल पुसून घेऊन ग्रीस गनने जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरणं, यात कुठलं दुखणं निघणार? निघालंच, तर ते आधीपासून तिथे होतं. ते निघालं हे चांगलं झालं. दुखणं अंगावर काढायची आपली सवय माणसांच्या बाबतीत किती महाग पडते, हे आपण घरोघरी पाहतो. गाडीच्या बाबतीत तिला शहाणपण का म्हणायचं?

बोल्ट उघडताना तुटतात, आटे जातात, ही तक्रार मात्र खरी आहे. पण ते का जातात? दहा वर्षं कोणी उघडलेले नसतात म्हणून. वर्षाला एकदा उघडून, पुसून, बसवलेला बोल्ट तुटत नाही. आणि ज्याला हे काम येतं तो माणूस तेल काढायचा खालचा बोल्ट उघडण्याआधी भरायचा वरचा बोल्ट निघतो का ते बघतो. तो गंजून बसला असेल तर तेल काढून टाकल्यावर भरायला वाट उरत नाही. एवढी रीत पाळली की ‘हात लावला आणि गाडी अडकली’ या कहाण्यांपैकी निम्म्या तरी घडणारच नाहीत.

किलोमीटरचा मुद्दा घेऊ. गाडी चालतच नाही, तर झिजणार काय? हा प्रश्न विचारणारा माणूस यंत्र फक्त फिरण्याने झिजतं असं धरून चालतो. जीपचे निम्मे शत्रू तिच्या उभं राहण्याने वाढतात. ब्रेक ऑइलचंच बघा. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. हा त्याचा दोष नाही, स्वभाव आहे. डॉट ३ प्रतीचं नवं ब्रेक ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. कोकणात चार महिने भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे मास्टर सिलिंडरच्या बाटलीतल्या तेलात ओलावा जाणार नाही असं कोणाला वाटतं? आता हीच गाडी माणसं आणि सामान भरून घाट उतरते. चालक पाय ब्रेकवर ठेवून उतरतो, ड्रम आणि व्हील सिलिंडर तापत जातात, आतलं पाणी मिसळलेलं तेल उकळतं आणि त्याची वाफ होते. तेल दाबलं जात नाही म्हणून ब्रेक लागतो; वाफ दाबली जाते. पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. त्या गाडीने त्या वर्षी किती किलोमीटर केले होते, याला त्या क्षणी काही अर्थ आहे का? दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला अर्धा दिवस आणि एका जेवणाइतके पैसे लागतात.

उभ्या गाडीत आणखी काय होतं, ते पटकन सांगतो. हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचे ब्रेक शू दमट हवेत ड्रमला चिकटतात. अर्ध्या भरलेल्या डिझेलच्या टाकीत आतल्या पत्र्यावर दव धरतं, ते पाणी तळाशी जमतं आणि तिथून फिल्टरपर्यंत येतं. फिल्टरखालचा स्क्रू सोडून ते काढलं नाही तर पुढे पंपात जातं. बॅटरी उतरते. उंदीर वायरिंग खातात. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी असेल तर क्षार बसतात. टायरवरची नक्षी शाबूत असते, पण रबर कडक होऊन बाजूला चिरा पडतात. टायरच्या भिंतीवर डॉट अक्षरांनी सुरू होणारा मजकूर असतो, त्याच्या शेवटचे चार आकडे बघा. २३१६ असेल तर तो टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी दाखवून ‘टायर नवेच आहेत’ सांगणाऱ्या विक्रेत्यासमोर हे चार आकडे मोठ्याने वाचावेत.

आणि फोर बाय फोरचा लिव्हर! गाडीचा मालक अभिमानाने सांगतो, अजून कधी टाकायची वेळच आली नाही. वेळ यायची वाट बघायची नसते. वर्षानुवर्षं न टाकलेला लिव्हर, न फिरवलेले पुढच्या हबचे लॉक गंजून तिथेच बसतात, आणि पुढच्या हौजिंगमध्ये वरच्या दातांना तेल पोचत नाही. महिन्यातून एकदा मातीच्या मोकळ्या रस्त्यावर लॉक लावून, लिव्हर टाकून थोडं अंतर गाडी चालवावी. डांबरी रस्त्यावर मात्र नको. अशा जिपांत पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांना वळणावर वेगवेगळं अंतर कापायची सोय नसते, चाकांना घसरायला माती लागते, नाहीतर सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. एवढं साधं काम न करता चिखलात रुतल्यावर लिव्हर ओढत बसायचं आणि मग ‘या जुन्या गाड्यांचा भरवसा नाही’ म्हणायचं, हा गाडीवरचा अन्याय आहे.

दणकटपणाचं जे कौतुक चालतं, त्याचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण त्यात एक चांगली गोष्ट उलटी करून वापरली जाते. ‘अहो, ही मिलिटरीची गाडी. हिला काही होत नाही.’ विलीजची जीप युद्धासाठी बनली, महिंद्राने ती आपल्याकडे जोडायला आणि मग बनवायला घेतली, सैन्याने ती आणि तिची भावंडं डोंगरात, वाळवंटात, बर्फात वापरली. सगळं खरं. पण ती तिथे कशाच्या जोरावर टिकली? त्यासाठी सैन्यात एक अख्खी कोअर आहे. ईएमई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स. १९४३ साली ती उभी राहिली आणि तिचं कामच मुळी सैन्याची यंत्रं चालू ठेवणं हे आहे. सैन्यातून निवृत्त झालेल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. सकाळी गाडी सुरू करण्याआधी तेल, पाणी, ब्रेक, हवा, गळती बघितल्याशिवाय गाडी जागची हलत नसे. प्रत्येक गाडीची नोंदवही असे. म्हणजे ज्या गाडीच्या टिकाऊपणाचा दाखला देऊन तुम्ही देखभाल टाळता, ती गाडी देखभालीमुळेच टिकाऊ ठरली. सैन्याने तिला जगवलं आणि लिलावात तुमच्या हाती दिली. तुम्ही नोंदवही तर फेकलीच, वर गाडीच्या जाड पत्र्यावर हात आपटून ‘काही होत नाही’ म्हणता.

आपल्या गावांतलीही रीत अशी नव्हती. बैलगाडीच्या साटीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असे. बाजाराला निघायच्या आधी आजोबा कणा आणि आरी बघून वंगण घालत. चाक कुरकुरायची वाट कोणी बघत नसे, कारण कुरकुरलं म्हणजे उशीर झाला हे घरातल्या पोरालाही ठाऊक होतं. जुन्या माणसांनी कुठे सर्व्हिसिंग केलं होतं, असं विचारणाऱ्यांनी ते नळकांडं आठवावं. ते लाकडी चाकासाठी होतं आणि तासाला चार-पाच किलोमीटरच्या वेगासाठी होतं.

पैशाबद्दल बोलायला मला संकोच वाटत नाही, कारण तिथेच या मंडळींचा युक्तिवाद सर्वांत उघडा पडतो. तीस-चाळीस हजार कुठून आणायचे, असं विचारणारा माणूस गाडी घेतल्याच्या दुसऱ्या महिन्यात काय करतो? मोठे, खोल नक्षीचे टायर टाकतो. टपावर दिव्यांची पट्टी लावतो. पुढे जाड लोखंडी बंपर, त्याच्यावर विंच, मागे दोन डबे आणि दारावर वाघाचं चित्र. मोठे टायर लावले की स्टिअरिंगवर, किंगपिनवर, क्राऊन-पिनियनवर आणि ब्रेकवर आधीपेक्षा जास्त भार येतो. म्हणजे ज्या भागांकडे बघायला पैसे नव्हते, त्यांच्यावरच पैसे खर्चून ओझं वाढवलं! पुढे खड्ड्यातून गेल्यावर पुढची चाकं थरथरायला लागतात, स्टिअरिंग हातात राहत नाही, आणि दोष जीपच्या जातीला दिला जातो. किंगपिनची बेरिंगं आणि नकलची सीलं या सगळ्या सजावटीच्या एका कोपऱ्यात आली असती. गाडी सजवायला माझा विरोध नाही. पण ब्रेक होस चिरलेले असताना दिव्यांची पट्टी घेणाऱ्याने पैशाची अडचण सांगू नये.

हे मी हौशी माणसांबद्दल बोललो. ज्यांचं पोट गाडीवर आहे, त्यांची अडचण खरी असते आणि त्यांना मी यात धरत नाही. साताऱ्याकडे वडाप चालवणारा, ताडोब्यात उन्हाळ्याच्या धुळीत जिप्सी फिरवणारा, गाडी उभी राहिली की त्याची त्या दिवसाची कमाई जाते. पण तिथेही सल्ला उलटाच द्यायला हवा. धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर किती लवकर भरतो! जुन्या डिझेल जिपांना तेलाचा एअर क्लीनर असतो. त्याच्या तळाच्या भांड्यात गाळ बसतो आणि तो साफ केला नाही तर बारीक धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. ती धूळ म्हणजे खडक दळून झालेली पूड. ती रिंग आणि लायनर घासून काढते. मग इंजिन तेल पितं, काळा-निळा धूर टाकतं, चढावर दम सोडतं. भांडं रिकामं करून पुसायला आणि खुणेपर्यंत नवं तेल भरायला वेळ किती लागतो? आणि जिथे मालक एक असतो आणि चालवणारा पगारी ड्रायव्हर, तिथे तर हा सल्ला क्रूर आहे. देखभालीला पैसे मालक देत नाही, आणि गाडी घाटात बंद पडली की ‘तुला चालवता येत नाही’ हे मात्र ड्रायव्हरने ऐकायचं.

कुठलाही मिस्त्री रस्त्यात दुरुस्त करतो, हे वाक्यही आता सोडून द्यायला हवं. पूर्वी तालुक्याच्या प्रत्येक गावात जीपचा जाणकार मिस्त्री असे, कारण जिपाच जास्त होत्या. ती पिढी थकली. प्यूजोच्या जुन्या डिझेल इंजिनाचा आवाज ऐकून काय बिघडलं ते सांगणारी माणसं मोजकी उरली आहेत, आणि सुट्या भागांसाठी शहरातल्या जुन्या बाजारात फिरावं लागतं. रात्री साडेअकराला पावसात आंबोलीच्या वळणावर कोण येणार आहे? वर्षाला सहा-सात हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या त्या डोंगरात धुक्यात उभी राहिलेली दिवे नसलेली गाडी ही दुसऱ्यांच्या जिवाशी गाठ आहे. मिस्त्री लुबाडतात, नको ते भाग बदलायला लावतात, अशीही तक्रार असते. काही लुबाडतात, हे मान्य. त्यावर उपाय गाडीकडे न बघणं हा कसा असेल? आपल्या गाडीत काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्यालाच तर लुबाडता येतं. ज्याने स्वतः बोट घालून हौजिंगचं तेल बघितलं आहे, त्याला ‘क्राऊन गेलाय’ असं सांगताना कोणीही दोनदा विचार करेल.

राहता राहिलं पासिंग. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून ती ५-५ वर्षांसाठी वाढवून मिळते. त्या तपासणीत दिवे, हॉर्न, ब्रेक, धूर अशा गोष्टी त्या दिवशी पाहिल्या जातात. निरीक्षक हौजिंगचा बोल्ट उघडत नाही, तेलाला पाणी लागलंय का ते बघत नाही, किंगपिनमध्ये ग्रीस कधी भरलं ते विचारत नाही. ते त्याचं कामही नाही. गाडी रस्त्यावर आणायला कायद्याची परवानगी आहे, एवढंच तो कागद सांगतो. पुढच्या पाच पावसाळ्यांची हमी त्यावर कुठे लिहिली आहे? २०२१ साली जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं केंद्राचं धोरण आल्यावर हीच मंडळी सर्वांत मोठ्याने ओरडली: आमच्या जिपा अजून उत्तम आहेत, वय बघून मोडीत का काढता? मलाही तसंच वाटतं. गाडीचं वय बघू नये, प्रकृती बघावी. पण मग प्रकृती दाखवा ना! वर्षावर्षाच्या नोंदी आहेत? शेवटचं ब्रेक ऑइल कधी बदललं, ते लिहिलेलं आहे? तेही नाही आणि बघायचीही तयारी नाही, मग वयावरून निवाडा करणाऱ्याला अडवणार कोणत्या तोंडाने? जुन्या जिपांवर खरोखर प्रेम करणाऱ्या माणसाच्या हातात देखभालीची वही हाच एक पुरावा आहे, आणि ‘चालतेय ना’ म्हणणारे तोच नष्ट करत आहेत.

म्हणून जुनी जीप घ्यायला निघालेल्याला माझं सांगणं त्यांच्या नेमकं उलट आहे. गाडी घरी आणली की ओढ्याकडे नेऊ नका, किल्ल्याकडे नेऊ नका, मित्रांना फिरवायला नेऊ नका. मागच्या मालकाने काय सांगितलं ते सगळं बाजूला ठेवा. चारही जागांचं तेल काढा, उजेडात धरून रंग बघा, दोन बोटांत चोळून धातूचा कीस लागतोय का ते पाहा. कुठल्या जागेत कुठलं तेल, ते गाडीच्या पुस्तकात बघून भरा. सगळीकडे एकच ओतू नका, कारण हौजिंगसाठीच्या काही तेलांतली रसायनं गिअरबॉक्सच्या पितळी भागांना मानवत नाहीत. ब्रीदर साफ करा, जमलं तर नळी लावून उंच न्या. चारही ड्रम उघडा. ब्रेक ऑइल पूर्ण बदला आणि लाइनमधली हवा काढा. प्रत्येक निप्पलला ग्रीस घाला, आणि जे निप्पल ग्रीस घेत नाही त्याच्या मागे लागा. टायरवरचे चार आकडे वाचा. हे सगळं तारखेसकट वहीत लिहा, आणि प्रत्येक ओढ्यानंतर, प्रत्येक पावसाळ्यानंतर पुन्हा बघा.

एवढं झाल्याशिवाय त्या गाडीच्या मागच्या सीटवर दुसऱ्याच्या घरची मुलं बसवायचा तुम्हाला अधिकार नाही.